स्पॅमअसॅसिनचं मॅन्युअल सांभाळायला घेताना

ओपन सोर्सला हातभार लावायचाय, पण कोड लिहिण्याइतका हात बसलेला नाही, असं कुणी म्हणालं की मी त्यांना मॅन्युअलच्या कामाकडे वळवतो. त्यातही मेल गाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलकडे. इतर ठिकाणी मॅन्युअल चुकलं तर काम अडतं आणि चूक लगेच लक्षात येते. मेलच्या गाळणीत तसं होत नाही. नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं जंकमध्ये जाऊन पडतं, ज्याला ते यायचं होतं तो वाट बघत राहतो, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला वाटतं सगळं सुरळीत चाललंय. त्यामुळे या कामात माझा एकच आग्रह असतो: स्वतः चालवून बघितल्याशिवाय एकही वाक्य लिहायचं नाही. खाली जे सांगतोय ते या आग्रहापायी काय काय करावं लागतं तेवढंच आहे.

उदाहरणाला स्पॅमअसॅसिन घेतलंय, म्हणजे सर्व्हरवर येणाऱ्या मेलमधला स्पॅम ओळखणारं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर. मार्क जेफ्टोविक यांनी १९९७ मध्ये पर्ल या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक छोटी गाळणी लिहिली होती. तिच्यावरून जस्टिन मेसन यांनी हे सॉफ्टवेअर घडवलं आणि २० एप्रिल २००१ रोजी सोर्सफोर्ज या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवलं. २००४ पासून ते अपाची फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. इतकी वर्षं वापरात असल्यामुळे त्याच्याबद्दल जुनं, अर्धवट आणि परस्परविरोधी लिखाण जागोजागी सापडतं. अशा वेळी अधिकृत मॅन्युअल बिनचूक असणं फार गरजेचं असतं.

आधी गाळणी काय करते ते पक्कं करा

येणाऱ्या प्रत्येक मेलवर शेकडो नियम चालतात. जुळलेला नियम आपले गुण टाकतो, काही नियमांचे गुण उणे असतात. बेरीज ठरलेल्या मर्यादेला पोचली की मेल स्पॅम. ही मर्यादा मुळात ५ असते. चांगल्या मेलला या मंडळींत ‘हॅम’ म्हणतात.

इथं नवीन माणूस हमखास एका गोष्टीत फसतो. स्पॅमअसॅसिन स्वतः मेल उडवत नाही, दुसऱ्या फोल्डरमध्येही टाकत नाही. ते फक्त खुणा करतं. ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ या हेडरमध्ये (मेलच्या वरच्या माहितीच्या ओळीत) गुण आणि जुळलेले नियम लिहितं, ‘एक्स-स्पॅम-लेव्हल’मध्ये गुणांइतक्या चांदण्या काढतं. खुणा बघून मेल कुठं टाकायचा हे सीव्ह, प्रॉकमेल किंवा मेल सर्व्हरची पुढची व्यवस्था ठरवते. ‘स्पॅम डिलीट होत नाही’ ही तक्रार घेऊन आलेल्याला बहुतेक वेळा एवढंच समजावून सांगायचं असतं. मॅन्युअलमध्ये तुम्ही कुठलंही वाक्य लिहा, ‘मेल अडवला जातो’ असं लिहू नका. ‘मेलवर स्पॅमची खूण होते’ असं लिहा.

मॅन्युअल नेमकं कुठं असतं

‘मॅन्युअल’ म्हटल्यावर एखादी जाडजूड पीडीएफ शोधू नका. पर्लच्या रिवाजाप्रमाणे इथलं लिखाण कोडच्या फाइलमध्येच, कोडच्या शेजारी असतं. त्याला पॉड म्हणतात. त्याच पॉडवरून मॅन पेज (टर्मिनलवर उघडणारं मदतीचं पान) तयार होतं आणि संकेतस्थळावरची पानंही. सगळ्यात महत्त्वाची फाइल ‘कॉन्फ डॉट पीएम’. जवळपास सगळ्या मूळ सेटिंग तिच्यात आहेत. प्लगिनच्या सेटिंग मात्र ज्याच्या त्याच्या फाइलमध्ये असतात. डीकेआयएमची (मेलवरच्या डिजिटल सहीच्या तपासणीची) नोंद डीकेआयएम प्लगिनमध्ये शोधायची, भाषा ओळखण्याची टेक्स्टकॅटमध्ये.

कमांडची पानं, म्हणजे स्पॅमडी (मागे सतत चालणारी गाळणी), एसए-लर्न (गाळणीला शिकवणारी), एसए-अपडेट (नवे नियम आणणारी) वगैरे, ‘रॉ’ असं शेपूट असलेल्या फाइलमध्ये आहेत. बांधणीच्या (बिल्डच्या) वेळी त्यात आवृत्ती आणि फोल्डरचे पत्ते भरले जातात आणि चालणारी फाइल तयार होते. दुरुस्ती कायम रॉ फाइलमध्ये करायची. तयार झालेल्या फाइलमध्ये केली तर पुढच्या बांधणीला तुमची मेहनत पुसली जाईल.

आता ‘कॉन्फ डॉट पीएम’ उघडा आणि ‘रिक्वायर्ड_स्कोर’ शोधा. बरोबरच्या चिन्हाला चिकटून ‘आयटम’ लिहिलेल्या ओळीत सेटिंगचं नाव आहे आणि कंसात डिफॉल्ट ५. खाली एक परिच्छेद आहे. त्यात म्हटलंय की ५ ही मर्यादा बरीच कडक आहे, एकट्याच्या मेलबॉक्सला ठीक, पण शेकडो ग्राहकांसाठी बसवत असाल तर ८ किंवा १० ठेवावी. मग ‘कट’ची ओळ येते आणि लिखाण संपून कोड सुरू होतो. त्या कोडमध्ये तेच नाव, तोच ५ आणि ‘रिक्वायर्ड_हिट्स’ हे पर्यायी नाव दिसतं. पूर्वी या सेटिंगला हेच म्हणत, जुन्या फाइल चालाव्यात म्हणून ते ठेवलंय.

ही जागा जरा वेळ देऊन बघा. लिखाणातला ५ आणि कोडमधला ५ पाच-दहा ओळींच्या अंतरावर आहेत, पण त्यांना एकमेकांशी जोडणारं काहीच नाही. उद्या कुणी कोडमधला आकडा बदलला आणि वरचा परिच्छेद तसाच राहिला तर संगणक तक्रार करणार नाही. ते बघायला माणूस लागतो, आणि तुम्ही तो माणूस व्हायला आला आहात.

स्वतःच्या मशीनवर मांडणी

चालू मेल सर्व्हरवर प्रयोग करू नका. लिनक्सचं वेगळं मशीन किंवा व्हर्च्युअल मशीन घ्या, अपाचीच्या सबव्हर्जन भांडारातून (जिथं कोडच्या सगळ्या आवृत्त्या साठवलेल्या असतात) ट्रंक, म्हणजे सध्या काम चाललेला कोड, उतरवा आणि बांधा. पर्लची थोडी मोड्यूल लागतील, काय कमी आहे ते बांधणीच्या सुरुवातीलाच सांगितलं जातं.

सोबत दोन नमुना मेल येतात, एक स्पॅमचा आणि एक चांगला. स्पॅमच्या नमुन्यात ‘जीट्यूब’ नावाची ठरलेली अक्षरमाळ आहे. ती दिसली की स्पॅमअसॅसिन सरळ १००० गुण देतं. ‘-टी’ हा पर्याय देऊन तो नमुना चालवा. शेवटी कुठल्या नियमाने किती गुण दिले याचा तक्ता दिसला म्हणजे मांडणी जमली.

त्यानंतर ‘--लिंट’ चालवा. हा पर्याय सेटिंगच्या फाइल तपासतो आणि सगळं ठीक असेल तर काहीच छापत नाही. पडद्यावर काही आलं नाही म्हणून घाबरू नका. मुद्दाम चूक करून बघा: ‘लोकल डॉट सीएफ’ या फाइलमध्ये ‘रीराइट_सब्जेक्ट १’ अशी ओळ टाका. तिसऱ्या आवृत्तीपासून ही सेटिंग काढून टाकलेली आहे, तिच्या जागी ‘रीराइट_हेडर’ आलं. लिंट सांगेल की ओळ समजली नाही, म्हणून सोडून दिली. सोडून दिली हे महत्त्वाचं. प्रोग्राम थांबत नाही, बाकीच्या ओळी धरून चालत राहतो. म्हणजे ज्याने लिंट चालवलं नाही त्याला आपली ओळ वाया गेल्याचं कळत नाही. त्यामुळे मॅन्युअलमध्ये सेटिंग बदलायला सांगाल तिथं ‘बदलल्यावर लिंट चालवा’ हे लिहायचा कंटाळा करू नका.

एक नोंद घ्या आणि ती खरी आहे का ते बघा

पहिल्याच दिवशी अख्खं पान नव्याने लिहायला बसू नका. एक सेटिंग निवडा. कोडमधला डिफॉल्ट बघा, लिहिलेला बघा. मग ती सेटिंग प्रत्यक्ष बदला, नमुना मेल चालवा आणि फरक नोंदवा. कुठल्या आवृत्तीवर चालवलं तेही टिपून ठेवा, महिन्याभराने तुम्हालाच लागेल.

ही सवय मला एका प्रसंगाने लागली. मी एका छोट्या संस्थेचा मेल सांभाळत होतो. कुठल्याशा मार्गदर्शिकेत वाचून रोज संध्याकाळी रूट (मशीनचा सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून लॉगिन करायचो आणि एसए-लर्नला स्पॅम-हॅम शिकवायचो. दाखवलेल्या मेलवरून शिकणारी बेझ पद्धतीची गाळणी किमान २०० स्पॅम आणि २०० हॅम शिकल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे मला माहीत होतं, म्हणून मी धीर धरला. दोनशे झाले, तीनशे झाले. मेलच्या हेडरमध्ये बेझचा एकही नियम उमटेना. शेवटी ‘--डम्प मॅजिक’ने शिकलेल्या मेलची संख्या बघितली. रूटच्या खात्यात आकडे भरपूर. मग मेल तपासण्याचं काम ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालत होतं त्याच्या नावाने तीच कमांड दिली, तर दोन्ही आकडे शून्य. ठरवून दुसरी जागा दिली नसेल तर प्रत्येक वापरकर्त्याचा बेझ डेटाबेस त्याच्या स्वतःच्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतो. मी तीन आठवडे भलत्यालाच शिकवत होतो. त्या मार्गदर्शिकेतली कमांड अक्षरशः बरोबर होती. ‘जो वापरकर्ता मेल तपासतो त्याच्याच नावाने चालवा’ एवढं एक वाक्य तिथं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक कमांडखाली मी तीन गोष्टी शोधतो: कुणी चालवायची, कुठं चालवायची, आणि चालली हे कशावरून ओळखायचं.

शब्दांची जोखीम

या सॉफ्टवेअरमध्ये काही शब्द असे आहेत की त्यांचा नेहमीचा अर्थ घेतला की घात होतो. ‘ट्रस्टेड_नेटवर्क्स’ हा त्यातला सगळ्यात मोठा. वाचणाऱ्याला वाटतं, ज्यांच्याकडून स्पॅम येत नाही असे विश्वासाचे सर्व्हर इथं लिहायचे. तसा अर्थ नाही.

पाकिटावरचे टपालाचे शिक्के आठवा. पाकीट ज्या ज्या कार्यालयातून गेलं तिथला शिक्का त्यावर बसतो. मेललाही प्रत्येक सर्व्हर ‘रिसीव्ह्ड’ नावाची ओळ जोडतो: मला हा मेल अमक्या आयपी पत्त्याकडून मिळाला. स्पॅम पाठवणारा खोटे शिक्के आधीच मारून पाकीट टाकू शकतो. मग कुठल्या शिक्क्यावर भरवसा ठेवायचा? ‘ट्रस्टेड’ म्हणजे जो सर्व्हर खोटा शिक्का मारत नाही तो, इतकाच अर्थ. त्या सर्व्हरमधून स्पॅम येऊ शकतो, येतोही. तुमच्या संस्थेचा बाहेरच्या जगासमोरचा मेल सर्व्हर रोज ढीगभर स्पॅम स्वीकारत असतो, तरी तो ‘ट्रस्टेड’च, कारण मेल कुणाकडून आला हे तो खरं लिहितो.

हे चुकलं तर काय होतं? समोरचा सर्व्हर यादीत नसेल तर गाळणी त्याचाच पत्ता बाहेरचा समजते आणि स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या याद्यांशी भलताच पत्ता ताडून बघते. आणि यादीत गरजेपेक्षा मोठा आयपी पत्त्यांचा गट घातला तर बाहेरून आलेल्या मेललाही ‘ऑल_ट्रस्टेड’ हा नियम लागतो आणि त्याचे उणे गुण मिळतात. म्हणून अशा शब्दाची नोंद लिहिताना आधी ‘याचा अर्थ असा नाही’ ते लिहा आणि मग अर्थ लिहा. मी एरवी उलट्या बाजूने सांगायच्या विरोधात आहे, पण इथं वाचक चुकीचा अर्थ मनात धरूनच येतो.

उदाहरणं: लोक तीच उचलतात

घाईत असलेला माणूस परिच्छेद वाचत नाही. उदाहरणाची ओळ उचलतो आणि आपल्या फाइलमध्ये चिकटवतो. त्यात वाईट काही नाही, मीही तेच करतो. पण त्यामुळे उदाहरण लिहिणाऱ्यावर जबाबदारी वाढते.

ओळखीच्या पाठवणाऱ्यांना सूट देणारी सेटिंग बघा. ‘वेलकमलिस्ट_फ्रॉम’मध्ये पत्ता लिहिला की त्या पत्त्याच्या मेलला उणे १०० गुण मिळतात. पण हा पत्ता मेलमधल्या ‘फ्रॉम’वरून घेतला जातो आणि तिथं कुणीही काहीही लिहू शकतं. बँकेचं अख्खं डोमेन असं घातलं की बँकेच्या नावाने फसवणाऱ्यालाही तेच उणे १०० मिळणार. ‘वेलकमलिस्ट_ऑथ’ हीच सूट देतं, पण एसपीएफ (पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या डोमेनची परवानगी आहे का याची तपासणी) किंवा डीकेआयएमची खात्री पटली तरच. तेव्हा उदाहरण लिहिताना ‘ऑथ’ची ओळ आधी द्या. साधी ‘फ्रॉम’ची ओळ नंतर, आणि तिच्या लगेच वर एक वाक्याचा इशारा. खाली दिलेला इशारा चिकटवून झाल्यावर वाचला जातो.

उदाहरणात खरे पत्ते घालू नका. ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ हे डोमेन १९९९ पासून याच कामासाठी राखून ठेवलंय. आयपी पत्त्यांतही १९२.०.२ ने सुरू होणारा गट लिखाणातल्या उदाहरणांसाठी राखीव आहे. सहज म्हणून लिहिलेला पत्ता कुणाच्या तरी खऱ्या मशीनचा निघतो आणि शेकडो लोकांच्या सेटिंगमध्ये जाऊन बसतो. नमुना म्हणून स्वतःच्या इनबॉक्समधला मेल द्यायचा असेल तर फक्त नाव खोडून भागत नाही. हेडरमध्ये संदेश क्रमांक असतो, दुव्यांच्या शेपटीला तुमची ओळख सांगणारी अक्षरं असतात. मी शक्यतो खरा मेल देतच नाही, हाताने नवीन लिहितो.

गुणांच्या ओळीतही एक खाच आहे. एका नियमापुढे कधी एक आकडा असतो, कधी चार. चार असतील तर ते अनुक्रमे चार परिस्थितींचे: बेझ आणि नेटवर्कवरच्या चाचण्या दोन्ही बंद, फक्त नेटवर्क चालू, फक्त बेझ चालू, दोन्ही चालू. उदाहरणात चार आकडे आले की हा क्रम तिथंच लिहा, ‘वर बघा’ म्हणून टाळू नका.

जुनं झालेलं ओळखायचं कसं

मॅन्युअल आणि नियम दोन्हींना वय असतं, आणि ते कुणीतरी मोजावं लागतं. १ जानेवारी २०१० चा किस्सा या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मेलवरची तारीख फार पुढची असेल तर गुण देणारा एक नियम होता. त्याचा नमुना २०१० आणि त्यापुढच्या कुठल्याही वर्षाला जुळायचा. लिहिला तेव्हा बरोबर होता. २०१० उजाडलं आणि साध्या, आजच्या तारखेच्या चांगल्या मेलनाही गुण पडायला लागले. त्याच दिवशी एसए-अपडेटमधून दुरुस्ती पाठवली गेली, पण जे अपडेट चालवत नव्हते त्यांच्याकडे मेल अडखळत राहिले. मॅन्युअलमध्ये वर्ष, आवृत्ती किंवा ‘सध्या’, ‘नुकतंच’, ‘लवकरच’ असे शब्द दिसले की थांबा. ‘सध्या’च्या जागी आवृत्तीचा आकडा घाला. तो खोटा ठरत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये ४.०.० आलं तेव्हा ‘व्हाइटलिस्ट’ आणि ‘ब्लॅकलिस्ट’ असलेली सगळी नावं बदलून ‘वेलकमलिस्ट’ आणि ‘ब्लॉकलिस्ट’ झाली. जुनी नावं निदान ४.१ येईपर्यंत चालतील असं सांगितलं गेलं. मॅन्युअल सांभाळणाऱ्यासाठी असा बदल म्हणजे नुसतं शोधा-आणि-बदला नव्हे. ३.४ वर असलेल्या वाचकाला नवं नाव चालणार नाही. त्याच्यासाठी ‘पूर्वीचं नाव अमुक’ हा उल्लेख ठेवावा लागतो, नाहीतर तो नवी ओळ चिकटवेल आणि ती गुपचूप सोडून दिली जाईल.

आपल्या भाषेत मेल लिहिणाऱ्यांनी एक नोंद आवर्जून तपासावी, टेक्स्टकॅट प्लगिनची. ते मेलची भाषा ओळखतं आणि ‘ओके_लँग्वेजेस’मध्ये नसलेल्या भाषेला गुण देतं. त्याच्या यादीत मराठी आहे, हिंदीही आहे. मुळात हे प्लगिन बंद असतं आणि सगळ्या भाषा मान्य असतात. पण एखाद्या व्यवस्थापकाने ‘आपल्याकडे इंग्रजीच चालतं’ म्हणून फक्त इंग्रजी ठेवली, तर पुण्याच्या आईने परदेशातल्या मुलाला ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलेल्या मराठी मेलला त्याचे गुण पडणार. खऱ्या मराठी मेलवर हे चालवून बघायला मराठी वाचणारा माणूसच हवा. एकदोन ओळींच्या मेलवर आणि लांब मेलवर वेगवेगळं चालवा, ओळखण्यात फरक पडतो का बघा आणि जे दिसेल ते कळवा.

लिहिणं आणि पाठवणं

पॉडचे नियम थोडे आहेत. बरोबरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीच्या वर आणि खाली एक ओळ रिकामी हवी. ‘ओव्हर’ने यादी उघडली तर ‘बॅक’ने बंद करायची. ‘कट’ विसरलात तर त्याखालचा कोड लिखाण समजून गिळला जाईल, त्यामुळे पॉड बदलल्यावर प्रोग्रामही एकदा चालवाच. ‘पॉडचेकर’ मांडणीच्या चुका दाखवतो. मजकूर खरा आहे की नाही ते त्याला कळत नाही. शेवटी ‘पर्लडॉक’ने पान उघडून वाचकासारखं वाचा, शक्यतो मोठ्याने. अडखळलात तिथं वाक्य मोडा.

दुरुस्ती पाठवायची तर अपाचीच्या बगझिलावर (चुका नोंदवायच्या संकेतस्थळावर) नोंद करा आणि सबव्हर्जनचा डिफ (जुन्या-नव्यातला फरक दाखवणारी फाइल, म्हणजेच पॅच) जोडा. आधी शोधा, तीच तक्रार कुणी केली असेल. एका पॅचमध्ये एकच गोष्ट ठेवा. परिच्छेदाचा अर्थ बदलताना सगळ्या ओळी नव्याने जुळवत बसलात तर तपासणाऱ्याला नेमकं काय बदललं ते सापडत नाही. सोबत लिहा: कुठली आवृत्ती, काय चालवलं, काय दिसलं, मॅन्युअल काय म्हणतं. मोठं लिखाण देणार असाल तर अपाचीचा योगदानकर्त्याचा करार सही करून द्यावा लागतो, ते काम आधी उरकून घ्या.

उत्तर यायला वेळ लागू शकतो. तपासणारे आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे करतात. दोन-तीन आठवड्यांनी त्याच नोंदीवर नम्रपणे विचारायला हरकत नाही. कुणी म्हणालं की तुमचं वाक्य चुकीचं आहे, तर वाद घालायच्या आधी पुन्हा चालवून बघा आणि जे दिसलं ते जसंच्या तसं नोंदीवर चिकटवा.

पॅच घेतला गेला की पुढची आवृत्ती येईपर्यंत तो तुमच्या यादीत राहू द्या. आवृत्ती आली की नवीन मशीनवर बसवा आणि मॅन पेज उघडा. तुमची ओळ तिथं आहे का, बरोबर जागी आहे का, कंसातला डिफॉल्ट अजून कोडशी जुळतो का ते बघा. मग ‘अपग्रेड’ नावाची फाइल वाचायला घ्या. त्या आवृत्तीत काय काढलं आणि कशाचं नाव बदललं ते त्यात असतं. तिथल्या एकेका नावासाठी अख्ख्या भांडारात शोध घेतलात की पुढच्या चार-सहा पॅचचं काम समोर येतं.